हजेरीपट

धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दर्शनी तोंड त्याने घडवलं आणि तसं तिथेच दगडात कोरून ठेवलेलं आहे. राजे, महारठी, श्रेष्ठी यांची नावं या लेण्यात आहेतच. त्यांच्या पंगतीला हा सुतारही बसला आहे, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, जवळपास दोन हजार वर्षं. मावळाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी, असं मला कुणी विचारलं तर मी किल्ल्यांकडे बोट न दाखवता आधी या सुताराकडे दाखवीन.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कार्ला फाट्याला वळलं की वेहेरगाव लागतं. डोंगराच्या पायऱ्या चढून गेलं की एकवीरेचं देऊळ आणि त्याला अगदी खेटून चैत्य. चैत्रात इथे ठाणे, मुंबई, रायगडाकडून आगरी-कोळ्यांच्या पालख्या येतात आणि डोंगर माणसांनी भरून जातो. देवीला हात जोडून आलेली माणसं चैत्याच्या दारातूनही डोकावतात. आत ३७ खांब. त्यांतल्या कित्येकांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, देणाऱ्याचं नाव आहे. बऱ्याच जणांच्या नावामागे धेनुकाकट हे गाव लागतं. सिंहदत्त नावाच्या गांधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, दान आहे. धेनुकाकटच्या व्यापारी मंडळाने मिळून दिलेला खांब आहे. सोपाऱ्याचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ म्हणणारा, सातिमित आहे. कोडी नावाची एक भिक्षुणी आहे, तिची ओळख ‘घुणिकाची आई’ अशी दिली आहे. तिने वेदिकापट्टी दिली आणि ती नंदिकाने घडवली, हेही लिहायला लिहिणारा विसरला नाही. शिवाय यवन आहेत, समुद्रापलीकडून आलेल्यांच्या वंशातले. सिहधय, धम्म अशी त्यांची नावं. त्यांनीही खांब दिले.

ही नावं मोठ्याने वाचून पाहावीत. एखाद्या गावाच्या बाजारपेठेतून फेरफटका मारल्यासारखं वाटतं. आज गावोगावच्या देवळांत पायरीवर, पंख्याच्या पात्यावर, घंटेवर देणगीदाराचं नाव असतं, त्याला आपण नाकं मुरडतो. मी मुरडत नाही. पैसे देणाऱ्याचं नाव लिहिण्याची ही रीत नसती, तर सातवाहनांच्या काळातल्या मावळात राजाखेरीज कोण राहत होतं हे आपल्याला कळलंच नसतं.

हे धेनुकाकट नेमकं कुठे होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याच्या जवळपासच असावं असं मांडलं. कोसंबी गणिती होते, पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला होते, आणि त्यासाठी डेक्कन क्वीनने ये-जा करत. गाडी याच मावळातून जाते. पण त्यांनी मावळ खिडकीतून पाहिला नाही. ते इथल्या वाटा पायी तुडवत, शेंदूर फासलेल्या देवीच्या तांदळ्यांची नोंद करत, खेड्यातल्या माणसांना विचारत हिंडले. कार्ल्याच्या खांबांवर बसवलेल्या जनावरांच्या गर्दीत एक स्फिंक्स आहे, याकडे त्यांनीच अभ्यासकांचं लक्ष वेधलं. माणसाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेलं ते मिसरी श्वापद इंद्रायणीच्या खोऱ्यात येऊन बसलं, त्यामागे धेनुकाकटचे यवन असणार. कोसंबींची पद्धत मला फार मोलाची वाटते. जुना लेख वाचायचा आणि मग खाली उतरून आजच्या गावाला विचारायचं.

आता याच लेण्यातली दुसरी एक नोंद पाहू. मधल्या दाराजवळ क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याच्या दानांची यादी येते. तीन लाख गाई, नदीकाठचा घाट, देवाब्राह्मणांना सोळा गावं. आणि वलूरकाच्या, म्हणजे याच कार्ल्याच्या, लेण्यांत पावसाळ्यात राहणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचं गाव. पुढे सातवाहनांनी नहपानाचं राज्य बुडवलं आणि नव्या राजाने मामाडच्या आपल्या अमात्याला आज्ञा पाठवली की मामाल आहारातलं, उत्तरेच्या रस्त्यावरचं करजक हे गाव वलूरकाच्या भिक्षूंना द्यावं. मामाल म्हणजे आजचा मावळ. 

राज्य बदललं, गाव तेच राहिलं, धान्याची वाटही तीच राहिली. पण त्या गावात कोण राहत होतं? भाताची आवणं कुणाची होती, पावसात गुडघाभर चिखलात लावणी कोण करत होतं? लेखात एकही नाव नाही. गाव दिलं जातं तेव्हा गावकरी त्यात धरलेलेच असतात. दान देणाऱ्या गांधिकाला नाव मिळालं. लेण्याच्या खांबांच्या सावलीत बसणाऱ्यांना पोसणाऱ्या शेतकऱ्याला मिळालं नाही. मावळाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात ही रेघ मला सारखी दिसत राहते. देणाऱ्याचं नाव उरतं, राबणाऱ्याचं उरत नाही. सामी सुतार आणि नंदिक हे अपवाद आहेत, म्हणून ते इतके मोलाचे.

जवळच्या भाजे लेण्यात थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, स्मरणार्थ कोरलेले स्तूप आहेत; अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांवर वाचता येतात. बेडशाला एका महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका, हिने पाण्याचं टाकं करवलं. मावळात उन्हाळ्यात पाण्याची काय किंमत असते हे ज्याने सोसलं आहे, त्याला या दानाचं मोल सांगायला नको.

मधली शतकं मी भरभर ओलांडतो, पण एका कागदापाशी थांबायला हवं. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर साक्षीला सगळं गाव असे. देशमुख-देशपांडे तर असतच, पण बलुतेदारही. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या अवजाराची निशाणी करी. पाटलाची नांगराची, सुताराची त्याच्या हत्याराची, महाराची विळ्याची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांत असे गावच्या गाव साक्षीला उभे असलेले महजर सापडतात. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कागदावर हजर राहण्याची ती सोय होती. गावाचा इतिहास म्हणून मला तो कागद कुठल्याही बखरीपेक्षा सरस वाटतो.

१७७८च्या नोव्हेंबरात मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं होतं. कॅप्टन जेम्स स्टुअर्टने पुढे होऊन बोरघाट धरला, मागून बाकीची पलटण तोफा ओढत वर आली. हजारो बैल, सामानसुमान आणि समोर महादजी शिंदे, नाना फडणवीस, हरिपंत फडके यांची फौज. मराठे समोरासमोर भिडत नव्हते. वाट रोखत, रसद तोडत, इंग्रजांना आत ओढत होते. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचं थोडकं अंतर, पण दिवसाला मैलभर सरकणं इंग्रजांना जड गेलं. ४ जानेवारी १७७९ला कार्ल्यापाशी स्टुअर्ट तोफगोळ्याने पडला. तळेगावला पोहोचेपर्यंत मराठ्यांनी ते जाळून मोकळं केलं होतं. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावात ते कोंडले गेले आणि तिथेच त्यांना तहावर सही करावी लागली.

या मोहिमेतल्या इंग्रज सेनानींपैकी लोकांच्या तोंडी राहिला तो फक्त स्टुअर्ट. इष्टुर फाकडा. शत्रूच्या शौर्याला मावळाने स्वतःच्या भाषेतलं नाव दिलं, वडगावात त्याचं स्मारक झालं आणि त्याभोवती लोकांची श्रद्धाही जमली. या उदारपणाचा मला अभिमान वाटतो. पण त्याच वेळी तळेगाव आठवतं. दाभाड्यांचं ते गाव. खंडेराव दाभाडे तिथले, त्यांच्यामागे सेनापतिपदाचा भार उचलणाऱ्या उमाबाईही तिथल्याच. ऐन थंडीत स्वतःच्या सैन्यासाठी आपलं घर पेटवून देणारी कुटुंबं कोणती होती? विजयाच्या कथेत जाळलेल्या गावाचा उल्लेख एका वाक्यात आटोपतो. दग्धभूमी हा डावपेच म्हणून वाखाणायचा असेल तर जळालेलं छप्पर कुणाचं होतं, तेही लिहायला हवं.

आणि आता घाट. मावळातल्या सगळ्यात मोठ्या विस्मरणाची जागा.

१८३०मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. त्यानंतर पाव शतकाने, १८५६मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्याच सह्याद्रीवरून लोहमार्ग चढवायला घेतला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे २५ किलोमीटरच्या टप्प्यात १,८३१ फूट चढायचं होतं, कुठे कुठे ३७ फुटांना १ फूट इतक्या चढाने. २५ बोगदे, दऱ्यांवरचे कमानी पूल. मध्ये एका जागी वळायलाच वाव नव्हता, म्हणून तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढे जायचं, अशी उलट्या स्टेशनची युक्ती काढली. ती १९२९पर्यंत चालली.

हे सगळं हातांनी झालं. कड्यावर उभं राहायला जागा नसे तिथे माणसं दोरखंडाने खाली सोडत. लोंबकळत ते पहारीने सुरुंगाची भोकं पाडत. देशावरून, दूरदूरच्या जिल्ह्यांतून बायकामुलांसह बिऱ्हाडं आली. पाऊस सुरू झाला की काम बंद, दसरा-दिवाळीनंतर पुन्हा सुरू. जानेवारी १८६१मध्ये घाटात ४२,००० माणसं कामावर होती. त्या काळच्या लोणावळा-खंडाळ्याची वस्ती लक्षात घेतली तर घाटाच्या उतारावर एक अख्खं शहर उभं राहिलं होतं. त्या शहराला ना धड प्यायचं पाणी, ना निवारा. १८५९-६०च्या हंगामात पटकीने त्यांना अक्षरशः झोडपलं.

पहिला ठेकेदार विल्यम फाविएल. जानेवारी १८५९मध्ये पगार थकले म्हणून मजूर उठले, दंगा झाला. मावळाच्या कामगार-इतिहासातलं हे पहिलं मोठं पान आहे, आणि लोणावळ्याच्या सहलीच्या माहितीपत्रकात ते कुठेही नसतं. पगार मजुराच्या हातात थेट पडत नसे. तो मुकादमाकडून, त्याच्या हाताखालच्याकडून झिरपत येई, आणि वाटेत कुणी अडवला तर मजुराला विचारायला जागाच नव्हती. फाविएलने त्याच वर्षी ठेका सोडला. पुढच्याच वर्षी, १८६०मध्ये, सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा झाला. घाटात दगड उचललेल्या हातांचा त्यात वाटा आहे.

फाविएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. ठेका त्याच्या बायकोने, अॅलिसने, हाती ठेवला. नेमलेल्या व्यवस्थापकांकरवी तिने तो पुरा केला. परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला, आणि डोक्यावर त्या काळच्या जगातलं एक सगळ्यात अवघड रेल्वेकाम! तिचं धैर्य मोठंच. घाटाच्या छायाचित्रांचा एक अल्बम तिच्या नावावर आहे. त्यात अर्धवट बांधलेले पूल दिसतात, फोडलेले कडे दिसतात आणि त्यांवर ठिपक्याएवढी माणसं. पुलांना नावं आहेत, ठिपक्यांना नाहीत.

२१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियरच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. तो दिवस पाहायला बर्कली जिवंत नव्हता. आदल्या वर्षी, ऐन बेचाळिशीत तो इंग्लंडमध्ये वारला होता. त्याचं चरित्र लिहिलं गेलं, त्याच्या कामाचे अहवाल अभियंत्यांच्या संस्थेत वाचले गेले. घाटात मेलेल्या मजुरांचा आकडा कुणी पाच अंकी सांगतं, कुणी त्याहून कमी. नावनिशीवार यादी मात्र कुणी छापली नाही, कुठल्या बोगद्याच्या तोंडावर लावली नाही. हजेरीपट मुकादमाच्या काखेत होता, आणि काम संपल्यावर तो त्याच्याबरोबर गेला.

रेल्वेबरोबर लोणावळ्यात एक छोटं इंग्रजी गावच वसलं. इंजिनांचा कारखाना, घाट चढताना गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं लावण्याची व्यवस्था, गार्ड-ड्रायव्हरांची घरं. जुन्या गॅझेटियरमध्ये या गावाचा पसारा दिला आहे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रार्थनामंदिरं, रेल्वेची शाळा, मेसनांची लॉज, सहकारी भांडार. आज पावसाळ्यात माणसांनी ओसंडणारं भुशी धरणही वाफेच्या इंजिनांना पाणी पुरावं म्हणून रेल्वेनेच बांधलेलं. त्या वसाहतीतल्या माणसांच्या नोंदी मात्र आजही हाताशी आहेत. इंग्लंडात १५३८पासून प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं असा हुकूम होता. त्या सवयीचं वळण इथेही आलं. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणून इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात राहणारी म्हातारी बाई आपला खापरपणजोबा लोणावळ्यात इंजिन हाकत होता, अमुक साली त्याला मुलगी झाली, तमुक साली तो तापाने गेला, हे घरबसल्या शोधू शकते. तिथली खेडी अशाच नोंदींवरून आपला इतिहास लिहितात. कोणत्या घरात कोण लोहार होता, कुणाची पोर लहानपणी गेली, सगळं. मला त्यांचा हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही. त्याच बोगद्यात, त्याच सुरुंगाने, त्याच पटकीने मेलेल्या आपल्या माणसाच्या पणतूला असं काहीच सापडणार नाही.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपलं. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा धनगर. गुरं-मेंढरं चारता चारता घाटाच्या वाटा त्याच्या पायांना पाठ झालेल्या. इंग्रजांना वाट सापडेना तेव्हा त्यानेच ती दाखवली आणि बक्षीस माग म्हटल्यावर आमचा मुलूख मोकळा करा म्हणाला, म्हणून त्याला गोळी घातली, असं सांगतात. घाट चढणारे-उतरणारे ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. ही कथा शब्दशः घडली की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. अभियंत्यांच्या अहवालात ज्याला जागा नव्हती त्या माणसाला घाटाने देव केलं, ही गोष्ट खरी आहे.

विसाव्या शतकात पाळी पाण्याची आली. ८ फेब्रुवारी १९११ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्कच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण, शिरोता इथे पाणी अडवायचं, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचं, आणि तिथे तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. १९१५मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. पुढे आंदर मावळात ठोकरवाडी, शेजारच्या मुळशी पेट्यात मुळा-निळेच्या संगमावरचं धरण. गिरणगाव धुरातून थोडं मोकळं झालं, हे खरंच. पण पाण्याखाली भाताची खाचरं गेली, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी खाचर करायला पिढ्या लागतात. दगड वेचायचे, बांध घालायचे, माती धरून ठेवायची. मोबदल्याच्या कागदावर ते काम मोजायला रकाना नसतो.

मुळशीचे लोक १९२१च्या रामनवमीला उठले. ‘जान किंवा जमीन’ म्हणत ते धरणाच्या कामात आडवे पडले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. जमिनीचे पुण्यातले सावकार-मालक मोबदल्यावर तयार झाले, कसणारे मावळे उघडे पडले, आणि तीन वर्षांनी लढा हरला. तरीही भुस्कुट्यांनी तो सत्याग्रह लिहून ठेवला. पराभवाचं इतकं प्रामाणिक दफ्तर मावळाला क्वचितच मिळालं. लोणावळ्याच्या इतिहासात आपण स्वामी कुवलयानंदांचं १९२४चं कैवल्यधाम सांगतो, १९४५पासूनचं आयएनएस शिवाजी सांगतो, तळेगावात राहिलेले गो. नी. दांडेकर सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. ही सगळी नावं मावळाने जिव्हाळ्याने जपली आहेत. वळवण-शिरोत्याच्या खाचरांचे मालक आणि कुळं यांची नावं त्यांच्या शेजारी यावीत, एवढंच माझं मागणं आहे.

हे अशक्य नाही. जमिनीचं संपादन कागदाशिवाय होत नाही. फेरफाराच्या जुन्या नोंदींत खातेदार आहेत, कुळांची नावं आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या मावळी घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या सापडतात. वंशावळी सांगत फिरणारे हेळवी ज्या गावांत अजून येतात तिथे त्यांच्याकडून वंशावळ उतरवून घेता येते. देवळातल्या पायऱ्यांचे, घंटांचे फोटो काढून ठेवता येतात. कार्ल्याचे लेख ज्यांनी एकेका खांबापाशी उभं राहून वाचले, त्यांच्याइतका धीर मात्र हवा.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घाईची जागा म्हणजे गावची शाळा. पवना धरण १९७२मध्ये झालं. त्याआधी पवन मावळातल्या बुडालेल्या गावांत जन्मलेली मुलं आज पन्नाशीपुढे आहेत, बरीचशी साठी-सत्तरीची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. जन्मस्थळाच्या रकान्यात पाण्याखालच्या गावाचं नाव आहे, आणि ती माणसं अजून हयात आहेत. आमचं घर कुठल्या वाडीत होतं, शेजारी कोण राहत होतं, विहीर कुणाची होती, हे ती सांगू शकतात.